मॉडेल रॉकेटला कोणता प्रायमर मारायचा? उत्तर शोधताना भेटतो वर्नर फॉन ब्राऊन

मॉडेल रॉकेट बनवणाऱ्या मंडळींना एक प्रश्न हमखास पडतो.

पुठ्ठ्याची नळी कापून झाली. बाल्सा लाकडाचे पंख चिकटवून झाले. पुढचं टोक, म्हणजे नोज कोन, नीट बसलं. आता रंग मारायचा. पण रंगाच्या आधी स्प्रे प्रायमर लागतो. तो कुठला घ्यायचा? राखाडी, पांढरा, की खाचा भरणारा जाड फिलर प्रायमर?

रंगाच्या दुकानात विचारलं तर दुकानदार उलट तुम्हालाच विचारतो, वरून कुठला रंग येणार आहे? प्रश्न बरोबर आहे. पांढऱ्या, पिवळ्या रंगाखाली पांढरं अस्तर लागतं. गडद रंगाखाली राखाडी चालतं.

आता गंमत बघा. या छंदात व्ही-२ आणि सॅटर्न-५ या दोन रॉकेटांच्या प्रतिकृती वर्षानुवर्षं आवडीने बनवल्या जातात. दोन्ही खरी रॉकेटं एकाच माणसाच्या नेतृत्वाखाली तयार झाली. त्यांच्यावर कुठला रंग आला आणि का आला, हे समजून घ्यायचं तर त्या माणसाचं आयुष्य बघावं लागतं. त्याचं नाव वर्नर फॉन ब्राऊन.

आधी प्रायमरचं काम समजून घेऊ

प्रायमर म्हणजे रंगाखालचं अस्तर. त्याची कामं तीन. रंगाला पकड देणं, बारीक खाचा भरणं आणि खालचा पृष्ठभाग एकसारखा करणं.

मॉडेल रॉकेटच्या पुठ्ठ्याच्या नळीवर गोल गोल फिरत जाणारी एक खाच असते. बाल्सा लाकडाचे रेषे रंगातूनही उठून दिसतात. म्हणून आधी फिलर प्रायमरचा हात द्यायचा, वाळू द्यायचं, मग बारीक पॉलिश पेपरने घासायचं. खाच दिसेनाशी होईपर्यंत हे दोन-तीनदा करायचं.

पण प्रायमरचं आणखी एक काम आहे, ते नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. राखाडी प्रायमरचा एक हात मारला की आधी न दिसलेले दोष एकदम दिसायला लागतात. गोंदाचा ओघळ, पंखावरचा खड्डा, सांध्यातली फट. म्हणजे चांगलं अस्तर दोष झाकायच्या आधी ते दाखवून देतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

दुर्बीण आणि रॉकेट लावलेली गाडी

फॉन ब्राऊनचा जन्म २३ मार्च १९१२ चा. गाव विर्झिट्स, तेव्हा जर्मनीत, आज पोलंडमध्ये. घराणं सरदारी वळणाचं. वडील मॅग्नस हे पुढे जर्मनीचे कृषिमंत्री झाले. आई एमी शिकलेली आणि खगोलशास्त्राची आवड असलेली. तिने मुलाला एक दुर्बीण भेट दिली आणि पोराला आकाशाचं वेड लागलं.

बारा-तेरा वर्षांचा असताना या पठ्ठ्याने एका छोट्या गाडीला आतषबाजीची रॉकेटं बांधली आणि बर्लिनच्या रस्त्यावर ती पेटवून दिली. गाडी सुसाट सुटली, लोक सैरावैरा पळाले. पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतलं आणि वडिलांना येऊन त्याला सोडवावं लागलं.

याच सुमारास त्याच्या हातात हर्मन ओबर्थ या शास्त्रज्ञाचं अंतराळप्रवासावरचं पुस्तक पडलं. पानोपानी गणित होतं आणि या मुलाचं गणित कच्चं होतं. पण रॉकेट बनवायचं तर गणिताला पर्याय नाही, हे त्याला कळलं. त्याने गणितावर मेहनत घेतली आणि वर्गात पुढे निघून गेला.

१९३० मध्ये तो बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात दाखल झाला. तिथे रॉकेटप्रेमींची एक संस्था होती. या पोरांकडे पैसे नव्हते, जागा पडीक होती आणि रॉकेटं घरगुती पद्धतीने जोडलेली. आजच्या मॉडेल रॉकेटवाल्यांना ते वातावरण अगदी ओळखीचं वाटेल.

सैन्याचा पैसा

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या मोठ्या तोफांवर बंधनं घातली होती. रॉकेटांचा मात्र त्यात उल्लेखच नव्हता. त्यामुळे जर्मन सैन्याला रॉकेटमध्ये रस होता. १९३२ मध्ये वॉल्टर डोर्नबर्गर या अधिकाऱ्याच्या हाताखाली फॉन ब्राऊन सैन्यासाठी काम करू लागला. १९३४ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याला डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच्या गटाची दोन छोटी रॉकेटं बोर्कुम बेटावरून दोन किलोमीटरहून उंच गेली.

दरम्यान जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. १९३७ मध्ये बाल्टिक समुद्रकाठी पेनेमुंडे इथे प्रचंड मोठं रॉकेट केंद्र उभं राहिलं आणि पंचविशीतला फॉन ब्राऊन त्याचा तांत्रिक प्रमुख झाला. त्याच वर्षी तो नाझी पक्षाचा सदस्य झाला. १९४० मध्ये तो एसएस या नाझी संघटनेत गेला आणि पुढे तिथे मेजरच्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. आपल्यावर दबाव होता, असं त्याने नंतर सांगितलं. दबाव किती आणि महत्त्वाकांक्षा किती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात.

काळे-पांढरे चौकोन कशासाठी?

३ ऑक्टोबर १९४२. पेनेमुंडेहून ए-४ नावाचं १४ मीटर उंचीचं रॉकेट सुटलं. अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं. ते सुमारे ८५ किलोमीटर उंच गेलं आणि सुमारे १९० किलोमीटर दूर जाऊन पडलं. इतक्या उंचीवर याआधी माणसाने बनवलेली कुठलीही वस्तू गेली नव्हती.

या रॉकेटचा रंग काळा-पांढरा होता. मोठे मोठे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. शेपटाजवळ एक चित्र होतं, १९२९ च्या ‘फ्राऊ इम मोंड’ म्हणजे ‘चंद्रावरची स्त्री’ या जर्मन चित्रपटाची आठवण म्हणून काढलेलं. त्या चित्रपटाचा तांत्रिक सल्लागार होता तोच ओबर्थ, ज्याचं पुस्तक फॉन ब्राऊनने शाळेत असताना वाचलं होतं.

चित्र हौसेचं होतं, पण चौकोन हौसेचे नव्हते. एकरंगी भोवरा फिरवा. तो फिरतोय की स्थिर आहे, हे लांबून कळत नाही. त्यावर खडूने एक रेघ मारा, लगेच कळतं. रॉकेटचंही तसंच. ते वर जाताना स्वतःभोवती गिरकी घेतंय का आणि किती वेगाने, हे जमिनीवरच्या कॅमेऱ्यांना टिपता यावं म्हणून हा रंग. नंतर फिल्मवर काळा-पांढरा बदल मोजला की गिरकीचा हिशोब लागायचा.

म्हणजे इथे रंग हे मोजमापाचं साधन होतं. चूक कुठे झाली ते दाखवणारं.

मग रंग बदलला

१९४३ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेमुंडेवर बॉम्ब टाकले. त्यानंतर जर्मनीने रॉकेटचा कारखाना हवाई हल्ल्यांपासून लपवायचं ठरवलं. नॉर्डहाउझेन शहराजवळ कोनश्टाइन नावाच्या डोंगरातले बोगदे त्यासाठी निवडले. या कारखान्याचं नाव मिटेलवेर्क.

काम करायला आणले छळछावणीतले कैदी. फ्रेंच, पोलिश, रशियन आणि इतर अनेक देशांचे. सुरुवातीचे कित्येक महिने हे लोक बोगद्यातच राबायचे आणि बोगद्यातच झोपायचे. सूर्यप्रकाश नाही, पुरेसं पाणी नाही, हवेत दगडाची धूळ. मुद्दाम बिघाड केल्याच्या संशयावरून कैद्यांना कारखान्यातल्याच क्रेनला फासावर लटकवलं जायचं आणि बाकीच्यांना ते बघावं लागायचं. मिटेलबाऊ-डोरा या छावणीत आणि तिच्या शाखांमध्ये सुमारे ६०,००० कैदी आले. त्यातले सुमारे २०,००० मेले.

इथून जे रॉकेट बाहेर पडलं, त्याचं प्रचाराचं नाव व्ही-२. त्याच्यावर आता काळे-पांढरे चौकोन नव्हते. युद्धातल्या व्ही-२ वर आधी छलावरणाचे पट्टे आले आणि नंतर साधा गडद हिरवा रंग. रॉकेट आता झाडीत लपवायचं होतं.

८ सप्टेंबर १९४४ ला लंडनच्या चिझिक भागात पहिलं व्ही-२ कोसळलं. ते आवाजापेक्षा वेगाने यायचं, त्यामुळे आधी स्फोट व्हायचा आणि मग येण्याचा आवाज ऐकू यायचा. भोंगा वाजवून सावध करायला वेळच नाही. १६ डिसेंबर १९४४ ला बेल्जियममधल्या अँटवर्पच्या रेक्स चित्रपटगृहावर एक व्ही-२ पडलं आणि एका फटक्यात पाचशेहून अधिक माणसं गेली. एकूण ३,००० हून अधिक व्ही-२ डागली गेली आणि त्यात हजारो लोक मेले. तरीही हे शस्त्र वापरल्याने जितके मेले, त्याहून जास्त माणसं ते बनवताना मेली.

फॉन ब्राऊनला हे माहीत होतं का? तो मिटेलवेर्कमध्ये अनेकदा गेला होता. १९४४ च्या ऑगस्टमधलं त्याचं एक पत्र उपलब्ध आहे. त्यात बुखेनवाल्ड छावणीत जाऊन कुशल कैदी निवडल्याचा उल्लेख आहे. तिथली परिस्थिती भयानक होती हे त्याने पुढे मान्य केलं, पण ती बदलणं आपल्या हातात नव्हतं, अशी त्याची भूमिका राहिली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९४४ च्या मार्चमध्ये गेस्टापोने त्याला अटक केली होती. शस्त्रापेक्षा अंतराळप्रवासाच्याच गप्पा जास्त मारतो, असा ठपका होता. दोनेक आठवड्यांनी डोर्नबर्गर आणि मंत्री अल्बर्ट श्पेअर यांच्या शब्दावर तो सुटला आणि परत रॉकेटच्या कामाला लागला.

अमेरिकेत नवा हात

जर्मनी हरणार हे दिसू लागल्यावर फॉन ब्राऊन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, शरण जायचं तर अमेरिकेला. २ मे १९४५ ला त्याचा धाकटा भाऊ मॅग्नस सायकलवरून पुढे गेला आणि एका अमेरिकन सैनिकाला भेटला. मोटार अपघातात मोडलेला हात प्लास्टरमध्ये, अशा अवस्थेत फॉन ब्राऊन शरण आला.

पुढे ‘ऑपरेशन पेपरक्लिप’ या मोहिमेत जर्मन शास्त्रज्ञांना अमेरिकेत नेण्यात आलं. कट्टर नाझींना घ्यायचं नाही असा नियम होता. मग कागदपत्रांतले अडचणीचे शेरे सौम्य करण्यात आले. रंगकामाच्या भाषेत सांगायचं तर खालचं न घासताच वर पांढरा हात मारला गेला.

१९४६ पासून न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्स इथून जप्त केलेली व्ही-२ उडू लागली, आता विज्ञानासाठी. चाचणीची रॉकेटं असल्यामुळे ठळक रंगांचे पट्टेही परत आले. २४ ऑक्टोबर १९४६ ला अशाच एका व्ही-२ वरच्या कॅमेऱ्याने अंतराळातून पृथ्वीचे पहिले फोटो काढले.

१९४७ मध्ये फॉन ब्राऊनने जर्मनीत जाऊन मारिया या आपल्या मामेबहिणीशी लग्न केलं. १९५० मध्ये त्याचा गट अलाबामातल्या हंट्सव्हिलला आला. १९५५ मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला. त्याच वर्षी वॉल्ट डिस्नेच्या टीव्ही कार्यक्रमात तो अंतराळ स्थानकाची आणि चंद्रप्रवासाची स्वप्नं समजावून सांगत होता. देखणा चेहरा, जर्मन उच्चारातली इंग्रजी, हातात रॉकेटचं मॉडेल. अमेरिकेतल्या घराघरात तो ओळखीचा झाला.

१९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतली मुलं घराघरात रॉकेट बनवायला लागली. धातूच्या नळीत दारू भरण्याच्या नादात अनेक जण जखमी झाले. याच काळात व्हाइट सँड्सला काम केलेल्या हॅरी स्टाइन यांनी पुठ्ठा, लाकूड आणि कारखान्यात बनलेलं सुरक्षित इंजिन वापरणारा मॉडेल रॉकेटचा छंद लोकप्रिय केला. आज आपण ज्या नळीला प्रायमर मारतो, ती या काळातली देणगी.

पट्ट्यांचा उपग्रह, काळा-पांढरा सॅटर्न

३१ जानेवारी १९५८ ला फॉन ब्राऊनच्या गटाच्या रॉकेटने अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ कक्षेत नेला. हा उपग्रह कॅलिफोर्नियाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत तयार झाला होता. त्याचे फोटो बघा, अंगावर उभे पांढरे पट्टे दिसतात. तेही सजावटीचे नाहीत. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा लेप आगीच्या झोतातून फवारून ते बनवले होते. उन्हात उपग्रह फार तापू नये आणि सावलीत फार गार पडू नये, म्हणून उघडा धातू आणि लेप यांचं प्रमाण हिशोबाने ठरवलं होतं.

१९६० मध्ये नासाचं मार्शल केंद्र सुरू झालं आणि फॉन ब्राऊन त्याचा पहिला संचालक झाला. तिथे सॅटर्न-५ ची बांधणी झाली. उंची सुमारे ११० मीटर, म्हणजे अंदाजे ३६ मजली इमारतीएवढी. अंग पांढरं, त्यावर काळे पट्टे आणि चौकोन. पेनेमुंडेतली गिरकी मोजायची युक्ती इथेही होती.

पण फ्लोरिडाच्या उन्हाने एक धडा शिकवला. जमिनीवरच्या चाचण्यांसाठी बनवलेल्या सॅटर्नच्या पहिल्या टप्प्यावर, दोन टाक्यांमधल्या भागात, काळा रंग होता. तो भाग उन्हात तापू लागला. म्हणून उडणाऱ्या रॉकेटांवर तो पांढरा करण्यात आला.

१६ जुलै १९६९ ला सॅटर्न-५ ने अपोलो-११ ला चंद्राकडे नेलं. सॅटर्न-५ एकूण १३ वेळा उडालं. आतषबाजीची रॉकेटं गाडीला बांधणाऱ्या पोराचं स्वप्न खरं झालं होतं.

आपल्याकडचा एक धागाही इथे जुळतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ‘अग्निपंख’ या आत्मचरित्रात फॉन ब्राऊनच्या भारतभेटीची आणि त्याच्यासोबत केलेल्या विमानप्रवासाची आठवण सांगितली आहे. रॉकेटच्या क्षेत्रात काम करणाऱ्या तरुण भारतीयांसाठीही हे नाव किती मोठं होतं, हे त्यातून कळतं.

१९७२ मध्ये त्याने नासा सोडली. १६ जून १९७७ ला अमेरिकेतल्या अलेक्झांड्रिया इथे कर्करोगाने त्याचं निधन झालं. वय ६५.

त्याच्या भूतकाळाची तपशीलवार चर्चा अमेरिकेत मुख्यतः त्यानंतर झाली. १९८४ मध्ये त्याचा जुना सहकारी आर्थर रुडॉल्फ याला अमेरिकन नागरिकत्व सोडावं लागलं. हा माणूस आधी मिटेलवेर्कमध्ये उत्पादन बघायचा आणि पुढे सॅटर्न-५ प्रकल्पाचा व्यवस्थापक होता. फॉन ब्राऊन तोवर जिवंत असता तर काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय.

मग प्रायमर कुठला घ्यायचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

सॅटर्न-५ किंवा चाचणीचं काळं-पांढरं व्ही-२ बनवत असाल तर आधी फिलर प्रायमरने खाचा भरा, घासा आणि शेवटचा हात पांढऱ्या प्रायमरचा द्या. आधी पांढरा रंग, पूर्ण वाळल्यावर मास्किंग टेप आणि मग काळा. उलट क्रमाने गेलात तर काळ्यावर पांढरा झाकता झाकत नाही. सॅटर्नच्या अंगावर जिथे बारीक उभ्या पन्हळी आहेत, तिथे जाड फिलर मारू नका. पन्हळीच बुजतील. पातळ प्रायमर पुरे.

युद्धातलं हिरवं व्ही-२ करायचं असेल तर राखाडी प्रायमर उत्तम.

नोज कोन प्लास्टिकचा असेल तर प्लास्टिकला चालणारा प्रायमरच घ्या, नाहीतर कडक थिनर पृष्ठभाग खाऊन टाकतो. प्रायमर आणि रंग शक्यतो एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे असू द्या. एनॅमलवर लॅकर मारला तर खालचा थर सुरकुततो. पावसाळी दमट हवेत फवारू नका, रंगावर पांढुरकी साय धरते. वीस-तीस सेंटिमीटरवरून पातळ हात द्या आणि तोंडावर मास्क लावा. पंखांवर जाड थर चढवू नका. शेपटाकडचं वजन वाढलं की रॉकेट हवेत सरळ जात नाही.

राहता राहिला प्रश्न रंग निवडण्याचा. प्रदर्शनात बहुतेक वेळा काळं-पांढरं व्ही-२ दिसतं, कारण ते देखणं आहे. पण बोगद्यातून बाहेर पडलेली आणि लंडन-अँटवर्पवर पडलेली रॉकेटं तशी नव्हती. दोन्हीपैकी कुठलंही बनवा. फक्त मॉडेलखाली जी पट्टी लावाल, तिच्यावर रॉकेटची उंची आणि तारीख लिहून झाली की आणखी एक ओळ लिहा, डोरा छावणी, सुमारे २०,००० मृत्यू. बघायला आलेलं एखादं पोर विचारेल, हे काय आहे? मग त्याला ही सगळी गोष्ट सांगा.